आधी पांढरं

स्कॅनरचं झाकण कितीही नीट मिटलं तरी कडेच्या फटीतून उजेडाची एक बारीक रेघ बाहेर निसटतेच. सुरुवातीला ती कोपऱ्यात थबकते, आतला दिवा पुरता तापेपर्यंत तिथेच रेंगाळते, आणि मग निघते. काचेवर पालथ्या पडलेल्या कागदाच्या अंगाखालून, एकेक ओळ, ओळींमधली एकेक मोकळी पट्टी, समास, दुमड, शाईचा ओघळ, टाचणीची दोन भोकं, सगळ्यावरून सारख्याच चालीनं. बाहेर पाऊस लागलेला असतो, दिवेलागणीची वेळ असते, भिंतीवर त्या उजेडाचा हिरवट पांढरा पट्टा सरकत राहतो, आणि आतली मोटर, दूर कुठल्या घरात कुणी जातं ओढत असावं, तशी घरघरत असते. कागद कशाचा आहे हे त्या उजेडाला ठाऊक नसतं. सातबाऱ्याचा उतारा असो, कुणाची जन्मपत्रिका असो, दवाखान्यातल्या खाटेवरून आईनं लिहिलेली चिठ्ठी असो. तो कुठे घाई करत नाही, कुठे अडखळत नाही.

काहीच वगळत नाही.

या यंत्रांशी माझं नातं जडलं ते कामामुळे. मी मुद्रितं तपासते. घर रत्नागिरीत, छापखाना पुण्यात, आणि मधे सह्याद्री. नव्वदच्या दशकात दिवाळी अंकांची लगबग श्रावणातच सुरू व्हायची, आणि नेमका तोच घाटातल्या दरडींचा महिना. मुद्रितांचं पाकीट एसटीनं यायचं. स्टँडवर जाऊन, ओल्या छत्र्यांच्या गर्दीत उभं राहून त्याची वाट बघायची, आणि घाट बंद पडला की पाकीटही पलीकडेच. पुढे घरात संगणक आला. त्याच्या पोटात फॅक्स मोडेमचं कार्ड होतं, शेजारी चपटा स्कॅनर, आणि माजघरातल्या फोनपासून पडवीतल्या टेबलापर्यंत भिंतीच्या कडेकडेनं ओढलेली करड्या रंगाची वायर. त्या वायरीनं घाट ओलांडला. पुण्याहून पानं यायची, मी ती छापून घ्यायचे, लाल शाईनं तपासायचे, एकेक करून काचेवर पालथी घालायचे आणि रात्री उशिरा, एसटीडीचे दर उतरले की, परत धाडायचे. लाल शाई पलीकडे काळी होऊन उमटायची. खूण मात्र तीच, हात तोच.

ईमेल नव्हती असं नाही. व्हीएसएनएलची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झाली होती आणि शहरांतून लोक भराभर पत्ते घेत होते. पण मराठी अक्षरं त्या वाटेनं चालायला तयार नव्हती. श्रीलिपी होती, आकृती होती, आणखीही होते. ज्याच्या त्याच्या टंकाची मांडणी निराळी, आणि लेख ज्या टंकात बसवलेला तोच टंक पलीकडच्या संगणकात नसला, की पान उघडताच रोमन अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं यांचा नुसता सडा. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, तरी घरोघरच्या संगणकांत ती रुळायला बरीच वर्षं जायची होती. फॅक्सला या कशाचं सोयरसुतक नव्हतं. छपाईचा हुकूम द्यायचा आणि प्रिंटरच्या यादीत खऱ्या प्रिंटरच्या जागी फॅक्स निवडायचा. संगणक पानाचं चित्र करायचा आणि ते चित्र ठिपक्याठिपक्यानं फोनच्या तारेवर सोडायचा. क हा क आहे हे कळण्याची त्याला गरजच नव्हती. इथे काळं आहे, इथे नाही, इतकंच त्याचं ज्ञान. आणि त्या निरक्षर यंत्राच्या हाती आमची अक्षरं सुखरूप होती.

संगणकातच बसणारं फॅक्सचं कार्ड अमेरिकेत हँक मॅग्नस्की यांनी १९८५ साली आणलं, गॅमाफॅक्स या नावानं. आमच्या पडवीपर्यंत ते तंत्र पोचायला दशकभर लागलं. पण पोचलं तेव्हा त्यानं घराला एक नवा आवाज दिला, आणि तो आवाज मी अजून कानात जपला आहे. पाठवणारं यंत्र आधी हाक घालतं. अकराशे हर्ट्‌झचा सूर, जेमतेम अर्धा सेकंद, मग तीन सेकंद काही नाही, पुन्हा हाक. पलीकडचं यंत्र उचलतं आणि एकवीसशे हर्ट्‌झवर लांबलचक ओ देतं. तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या कानाला त्या दोन सुरांत काहीतरी लागून राहतं, कारण अकराशेला सा धरला तर वरचा सा बावीसशेवर, आणि हे उत्तर शुद्ध निषाद ओलांडून षड्जाच्या उंबऱ्याशी येतं आणि तिथेच थांबतं. त्यानंतर दोन्ही यंत्रं एकमेकांची चाचपणी करतात, तुला किती वेग झेपतो, मला किती; खरखर, किणकिण, एक लांब श्वास सोडल्याचा आवाज. मग स्पीकर गप्प होतो आणि खरं काम शांततेत सुरू होतं.

त्या शांततेत अण्णा माजघरात फोनपाशी खुर्ची टाकून बसलेले असायचे. कुणी रिसीव्हर उचलला तर फॅक्स मधेच तुटतो, हे त्यांना एकदा समजलं होतं. पुढे कुणी सांगावं लागलं नाही. हातात पेपर, तो वाचून झालेला, नजर फोनवर. पडद्यावर पान दोन, पान तीन असे आकडे चढत राहायचे आणि शेवटी मी आतून "झालं हो" म्हटलं की ते उठायचे, पेपरची घडी घालायचे. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक पानावर त्यांच्या त्या बसण्याचाही वाटा आहे. छापील अंकात तो कुठे दिसणार?

पुण्याच्या टोकाला ताई. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या. बारीक, काटेकोर अक्षर, आणि मजकुरावर आईच्या मायेनं ठेवलेला डोळा. त्यांचा एक हट्ट होता: पान फाइनवरच पाठवायचं. फॅक्सला दोन चाली असतात. साध्या चालीत आडव्या दिशेनं मिलिमीटरला आठ ठिपके पडतात, पण उभ्या दिशेनं मिलिमीटरला जेमतेम चार रेघा. फाइनमध्ये रेघा दुप्पट होतात आणि वेळही जवळजवळ दुप्पट लागतो, म्हणजे फोनचं बिलही. रोमन लिपीचं साध्या चालीत भागून जातं. आपलं भागत नाही. आपल्या लिपीचा जीव तर वरखाली असतो: शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, अक्षराच्या पायाशी उकार, रुकार, हलन्त. यंत्राची नजर जिथे विरळ, नेमकं तिथेच आपलं सगळं नाजूक सामान मांडलेलं. साध्या चालीत पाठवलेल्या पानावर ऱ्हस्व-दीर्घ एकमेकांत मिसळायचे, अनुस्वार शिरोरेषेत बुडून जायचे. रात्री फोन करून ताई म्हणायच्या, "फाइनवर पाठव गं. पैशांचं मी बघते. एक टिंब गेलं तर बाई पुरुष होते आणि केलेलं काम कुणी केलं ते कळत नाही."

मी मॅन्युअल वाचणारी आहे. कार्डासोबत आलेल्या जाड पुस्तकात फॅक्सची भाषा समजावून दिलेली होती, आणि तिथे मला जे सापडलं त्यावर माझा सगळा लोभ आहे. १९८० साली सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय समितीनं ग्रुप थ्री या नावानं फॅक्सचे नियम घालून दिले. ए-फोर पानावरची प्रत्येक आडवी रेघ म्हणजे १७२८ ठिपके. पण यंत्र ते एकेक करून पाठवत बसत नाही. सलग किती पांढरे, सलग किती काळे, ते मोजतं आणि ती मोजदाद पाठवतं. शब्दावरची शिरोरेषा म्हणजे एका दमात सांगून होणारं काळं. तिच्या खाली दंडांची आणि पोकळ्यांची बारीक बारीक अदलाबदल. आणि दोन परिच्छेदांमधली मोकळी जागा म्हणजे रेघेमागून रेघ, फक्त पांढरं. तेही मोजलं जातं. तेही तारेवरून जातं. आणि या भाषेचा एक दंडक असा, की प्रत्येक रेघेची सुरुवात पांढऱ्यानंच व्हायला हवी. एखादी रेघ अगदी कडेपासून काळी असली, समासाला तसूभरही जागा नसली, तरी यंत्र आधी म्हणतं, पांढरे: शून्य. मग काळ्याकडे वळतं.

ही ओळ वाचली त्या रात्री मी दिवा मालवला आणि बराच वेळ पडवीतल्या झोपाळ्यावर बसून राहिले. काळ्याचा शोध घेण्यात माझा जन्म चाललेला. चुकलेली वेलांटी, निसटलेला विसर्ग, नको तिथे पडलेला स्वल्पविराम; डोळा शाईवरच धावायचा. आणि इथे एक यंत्र, ज्याला शाईचा अर्थ कधीच कळणार नव्हता, ते प्रत्येक रेघेच्या तोंडाशी कोऱ्या जागेची विचारपूस करत होतं. नसलेल्या जागेचीसुद्धा. पागोळ्या गळत होत्या. दोन थेंबांमधलं अंतर मला पहिल्यांदाच ऐकू आलं असावं.

या सगळ्याच्या मुळाशी घड्याळं आहेत, हे मला फार आवडतं. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन या घड्याळजीनं १८४३ साली तारेवरून प्रतिमा धाडण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं. दोन गावांतले दोन लंबक एका तालात हलले, की एका टोकाच्या काट्याला जे लागेल ते दुसऱ्या टोकाला त्याच जागी उमटवता येईल, एवढी साधी आणि एवढी अवघड कल्पना. ती प्रत्यक्ष चालवून दाखवली सिएना गावच्या जोव्हानी कासेल्ली या धर्मगुरूनं. त्याचं पँटेलिग्राफ हे यंत्र दोन मीटरांहून उंच, ओतीव लोखंडाचं, आत जडशीळ लंबक. धातूच्या पत्र्यावर वीज न वाहणाऱ्या शाईनं लिहायचं; त्यावरून काटा फिरायचा; आणि पलीकडे रसायनात भिजवलेल्या कागदावर तीच अक्षरं निळी होऊन उमटायची. १८६०च्या एका चाचणीत पॅरिस आणि आमियाँ या गावांच्या दरम्यान संगीतकार रोस्सिनीची स्वाक्षरी अशी तारेवरून गेली. १८६५ साली पॅरिस ते ल्योंपर्यंत सेवा सुरू झाली आणि तिचा उपयोग मुख्यतः बँकांच्या व्यवहारातल्या सह्या पडताळण्यासाठी होत असे. टेलिफोन यायला अजून दशक होतं. माणसाचा आवाज तारेवरून जाण्याआधी त्याच्या हाताचं वळण जाऊन आलं होतं.

हाताचं वळण. दुसरं काय पाठवत होतो आम्ही तरी?

ताईंच्या कचेरीतलं फॅक्सयंत्र जुन्या पद्धतीचं, उष्णतेवर चालणारं. त्याला शाई लागत नाही. कागदावरच रसायनाचा लेप असतो, आणि यंत्राच्या बारीक तप्त टोकांखालून कागद सरकला की जिथे ऊब लागेल तिथे तो काळवंडतो. गुळगुळीत, किंचित चमकणारा कागद, हातात घेतला की स्वतःभोवती गुंडाळत जाणारा, नुकताच आलेला असेल तर कोमट. माझी अक्षरं तिथे ऊब होऊन पोचायची ही कल्पना मला सुखावायची. पण जे उबेनं उमटतं ते उबेनंच विरतं. उन्हाच्या खिडकीशी, कपाटाच्या वरच्या फळीवर, असा कागद हळूहळू करडा होतो, मग पिवळट, मग नुसताच कागद. म्हणून तेव्हा कचेऱ्यांत शहाणी माणसं फॅक्स आला की आधी त्याची झेरॉक्स काढून घेत. ताईंनी कामाच्या पानांच्या काढल्या. पानांसोबत मी जी चिठ्ठी जोडायची, पावसाची, अण्णांच्या गुडघ्याची, फणसाच्या गऱ्यांची, तिच्या कशाला काढतील?

ताई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्या लेकीनं एक जुनी फाइल माझ्याकडे आणून दिली, तुमचीच पत्रं आहेत म्हणाली. उघडली तर आत माझ्या चिठ्ठ्या, तारीखवार लावलेल्या, आणि सगळ्या कोऱ्या. उजेडात तिरकी धरली तर कुठे एखाद्या जोडाक्षराची सावली जाणवावी, इतकंच. मात्र प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, बॉलपेनच्या निळ्या शाईत, त्यांच्या त्या बारीक काटेकोर अक्षरात एक शब्द लिहिलेला होता: पोचलं. खाली तारीख. माझं सगळं बोलणं विरून गेलं होतं आणि त्यांचं ऐकणं तेवढं उरलं होतं.

त्यांचं माझ्याकडे आलेलं मात्र जसंच्या तसं आहे. माझ्याकडे फॅक्स कागदावर उतरत नसे, संगणकात उतरत असे. फाइल होऊन राहत असे. एका संगणकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, त्या फाइली माझ्याबरोबर आल्या. एक उघडते. डोक्यावर यंत्रानं छापलेली तारीख, वेळ, पान क्रमांक. पान किंचित तिरपं गेलेलं, त्यामुळे प्रत्येक शिरोरेषा पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते. उजव्या समासात कपाचा अर्धा गोल. मधे एका ठिकाणी पानभर आडवा काळा फराटा, तेव्हा तारेवर कुठेतरी पाणी उतरलं असणार. त्याच्या वरची ओळ शाबूत, खालची शाबूत. आणि एका लेखाच्या मधोमध, जिथे लेखिकेच्या वडिलांचा मृत्यू येऊन पुढचं वाक्य लगेच बाजारहाटाकडे वळतं, तिथे ताईंनी दोन ओळींच्या मधे बाण काढून समासात लिहिलं आहे, "इथे एक ओळ मोकळी सोड. वाचणाऱ्याला बसू दे जरा."

मोकळी ओळ. फाइनवर, दुप्पट रेघांनी, घाट ओलांडून आलेली.

जुन्या लेखनिकांच्या कामाकडे बघायला मला या यंत्रांनीच शिकवलं. मोडी लिहिताना कारकून आधी कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घ्यायचा. शब्द कुठला येणार, किती लांब येणार, हे पुढचं. मग बोरू न उचलता अक्षरं त्या रेघेला लटकवत जायचा. रेघ आधी, मजकूर नंतर. पुण्याच्या पुरालेखागारात, लोकांच्या तोंडी जे पेशवे दफ्तर आहे तिथे, असे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. वि. का. राजवाडे अशाच कागदांसाठी गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवरून, तळघरांतून ते उचलले, आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापत गेले; १९१०मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते याच ध्यासातून. त्या पिढीनं कागद वाचला आणि हातानं नकलून घेतला. नक्कल करणारा माणूस अर्थ उचलतो, आणि अर्थ वाचला म्हणूनच इतिहास उभा राहिला, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण घडी कुठे पडली होती, वाळवीनं कुठून शिरकाव केला, शिक्का किती जोरात दाबला, पाठीवर कुणी कुठला शेरा मारून मग खोडला, हे नकलेत उतरत नाही. ते उजेडाच्या त्या रेघेलाच उतरवता येतं. म्हणून अशा कागदांची पाठही स्कॅन व्हायला हवी, कोरी असली तरी. कोरी आहे हेही पुढच्या माणसाला कळायला हवं.

संगणकात स्कॅन होऊन गेलेली पहिली प्रतिमा एका बाळाची आहे. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌समध्ये रसेल किर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या नळकांड्यावर फोटो गुंडाळून त्यावरून प्रकाशाचा ठिपका फिरवणारं यंत्र बांधलं, आणि त्यावर किर्श यांनी ठेवला आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा फोटो. पाच सेंटिमीटरचा चौकोन. आडवे १७६ ठिपके, उभे १७६. यंत्राला काळं आणि पांढरं एवढंच कळायचं. म्हणून तोच फोटो वेगवेगळ्या उंबरठ्यांवर पुन्हा पुन्हा वाचून, एकावर एक ठेवून, मधल्या करड्या छटा जुळवल्या गेल्या. त्या चित्रातलं बाळ किंचित धूसर आहे, गाल कडेनं विरघळलेले, डोळे मात्र टपोरे. प्रयोगशाळेत मोजपट्ट्या होत्या, तक्ते होते, अक्षरांचे नमुने होते. बापाच्या खिशातून जे निघालं ते हे.

पुन्हा पुन्हा वाचल्याशिवाय करडं मिळत नाही, हे मला फार खरं वाटतं. आता फोन कागदावर धरला की क्षणात स्कॅन होतो; सोय मोठी आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या सुधारणेच्या हौसेविषयी. ॲप कागदाच्या कडा सरळ करतं, सावली काढतं, पिवळेपणा धुऊन टाकतं आणि मजकूर कोळशासारखा काळा करून एका निर्जीव शुभ्रतेवर मांडतं. पेन्सिलीचं हलकं अक्षर त्या धुलाईत वाहून जातं. दुसऱ्या बाजूची झिरपलेली शाई जाते. कागदाचं वय जातं. घरातले जुने कागद कुणी उतरवून ठेवत असेल तर त्याला मी कळकळीनं सांगते, रंगीत घ्या, निदान तीनशे ठिपक्यांवर घ्या, काळंपांढरं निवडू नका, कडा कापू नका. संगणकाच्या पडद्यावर तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन येतो ना, हवा तेवढा भाग निवडायला? तो कागदाच्याही थोडा बाहेर ओढून घ्या. कागद कुठे संपतो तेही दिसू द्या.

यंदा मी आजीची वही घेतली आहे. लांबट, बाजूनं शिवलेली, पुठ्ठ्यावर तेलाचे डाग, पहिल्या पानावर श्री. काच पुसायची, वही हलक्या हातानं उलथी करायची, कणा दुखावणार नाही इतकंच झाकण दाबायचं. लोणची, मेतकूट, साठं, भाजण्या, बाळंतिणीचे लाडू. मापं शेर-चिपट्यांची आणि अपूर्णांक जुन्या रिवाजाचे: पावाला एक उभी काठी, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. पडद्यावर पान मोठं केलं की आजीच्या टाकाची गती दिसते. कुठे शाई संपत आली, कुठे पुन्हा बुडवली, कुठे ओल्या बोटाचा ठसा पडला, बहुधा पुरणाचा. प्रत्येक कृतीनंतर तिनं मागचं पान कोरं ठेवलेलं आहे, सुनांनी आपापली भर घालावी म्हणून. काही सुनांनी घातली. आईचं अक्षर तिथे भेटतं, धाकट्या काकूचं भेटतं. आणि एक पान असं आहे, की माथ्यावर ठळक शिरोरेषेखाली नुसतं "अनारसे" लिहिलंय, आणि पुढे काहीच नाही. पंचक्रोशीत आजीचे अनारसे नावाजलेले. ते तिच्या हातात होते, वहीत कधी आलेच नाहीत. तेही पान मी स्कॅन केलं. उजेडाला तिथेही पानभर तेवढाच वेळ लागला, आणि मी जवळ बसून राहिले; रेघ नावावरून पुढे सरकली, मग खालच्या रिकाम्या कागदावरून, डाग नाही, ओरखडा नाही, खालच्या टोकापर्यंत. त्या पांढऱ्यात आजी तळणाऱ्या कढईशी बसलेली मला स्वच्छ दिसली, पाठमोरी, खसखशीवर पुरी थापताना.

भाची डब्लिनला असते. तिला सगळी पानं पाठवली, कोऱ्यांसकट. काल तिचा फोन आला, मागे भांड्यांचा आवाज.

"मावशी, चकलीच्या भाजणीत उडदाच्या डाळीपुढे काठी एक आहे की दोन? पाव शेर की अर्धा? मी मोठं करून करून बघतेय, तिथे घडीची सावली आहे."

थांब म्हटलं, वही काढते. खिडकीशी नेऊन पान तिरपं धरलं, घडी बोटानं उलगडली.

"दोन आहेत. दुसरी घडीत गेली आहे. अर्धा."

"आणि शेर म्हणजे किती गं?"

"वाटीनं घे. तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक. तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेस ना? आणि सगळं वेगवेगळं भाज, मंद आचेवर. एकत्र टाकू नकोस."